वॉटमारी

हल्ली टू बीएचकेमधली दुसरी बेडरूम म्हणजे स्टुडिओ. भिंतीवर करड्या फोमचे चौकोन, टेबलावर लॅपटॉप, माइकसमोर जाळी आणि पलंगावर इस्त्रीला द्यायचे कपडे.

तक्रार नाही. अभंग, रॅप, पॉडकास्ट, ऑडिओ बुक, सगळं याच खोल्यांतून बाहेर पडतंय. मोठे स्टुडिओ कलाकारांना परवडत नव्हते, आता ते मालकांनाही परवडेनात. बंद पडताना सामान विकायला निघतं. आपल्या माणसाला सेकंड हँडचा वास लागतो आणि एका रविवारी तो रिक्षातून स्पीकरची जोडी घेऊन दारात उभा राहतो.

पॅसिव्ह स्पीकरची.

पॅसिव्ह म्हणजे पोटात ॲम्प्लिफायर नसलेला. लाकडी खोका, एक वूफर, एक ट्विटर आणि पाठीवर लाल-काळी टर्मिनल. लॅपटॉपची पिन लावली तरी ढिम्म. त्याला बोलतं करायला मध्ये ॲम्प लागतो, हे घरी आल्यावर कळतं. स्पीकर इतका स्वस्त का मिळाला, हेही तेव्हाच.

या जोड्यांमधली मानाची जोडी यामाहाच्या एनएस-१० ची. पांढऱ्या वूफरची. १९७८ मध्ये यामाहाने ती दिवाणखान्यात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी काढली. दिवाणखान्याने नाक मुरडलं. स्टुडिओवाल्यांनी ती उचलून मिक्सरवर चढवली आणि पुढची दोन दशकं खाली उतरवलीच नाही. वरचा आवाज असा टोचायचा की इंजिनियर ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. २००१ मध्ये उत्पादन बंद झालं आणि २००८ मध्ये तिच्याबद्दल यामाहाला टेक्निकल ग्रॅमी मिळाला. आधी बंद पडा, मग सत्कार घ्या. अमेरिकेतही हीच पद्धत दिसते.

तर आता ॲम्प हवा. बजेट बेताचं. मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठतो, पुणेकर तपकीर गल्ली, बाकीचे मोबाइलवर बोट फिरवतात. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच.

‘किती वॉटचा?’

खिसा कापला जातो तो इथे.

नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आठवा. सहा सेलवर चालणारा डबा आणि त्यावर चमकता कागद: १००० वॉट पीएमपीओ. हे पीएमपीओ मोजायची कुठलीही प्रमाण रीत नव्हती. ज्या कंपनीला जेवढा आकडा शोभेल तेवढा तिने छापायचा. सहा सेलमधून हजार वॉट! भाभा अणुसंशोधन केंद्राने दखल कशी घेतली नाही, कोण जाणे.

हसू नका. अमेरिकेत हा रोग आपल्या आधीचा. जाहिरातींत वॉट इतके बोकाळले की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद कशी मोजायची, याचा नियमच करावा लागला. २०२४ मध्ये तोच नियम आणखी आवळावा लागला. पन्नास वर्षं कायदा होता आणि पन्नास वर्षं पळवाटही होती. वाचताना घरच्यासारखं वाटतं.

आता पीएमपीओ गेलं. त्याच्या जागी तळहातावर मावणारा, काळ्या ॲल्युमिनियमचा, क्लास-डी जातीचा ॲम्प आला. स्वस्तात मिळतो. वस्तू वाईट नाही, उलट भलतीच हुशार आहे. पण तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: ३०० वॉट गुणिले दोन.

खोक्यातून अडॅप्टर काढा. त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. चष्मा लागेल, पण वाचा. २४ व्होल्ट, साडेचार अँपिअर.

करा गुणाकार. १०८ वॉट.

भिंतीतून आत येणार १०८ आणि स्पीकरमधून बाहेर पडणार ६००. उरलेले ४९२ वॉट कुठून येतात? श्रद्धेतून.

पुढचं गणित आणखी रंगतदार आहे. २४ व्होल्टवर चालणारा असा ॲम्प आठ ओहमच्या स्पीकरला एका बाजूने फार तर ३५-३६ वॉट स्वच्छ देऊ शकतो. व्होल्टेजचा वर्ग, भागिले ओहमची दुप्पट. मूळ सूत्र दहावीच्या विज्ञानात होतं. खोक्यावरचे ३०० असतात चार ओहमवरचे, अडॅप्टर दुप्पट दमाचा लावला तर मिळणारे, आणि तेही आवाजात दहा टक्के विकृती चालवून घेतली तर. दहा टक्के खडे असलेला तांदूळ कोणी पूर्ण वजनाने मोजून घेतो का?

यात चिप बनवणाऱ्याचा दोष नाही, हे सांगायला हवं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ नावाची चिप या डब्यांमध्ये असते. कंपनी तिच्या माहितीपत्रकात सरळ लिहिते: चार ओहमवर एक टक्का विकृतीला २६० वॉट, दहा टक्क्यांना ३१५. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, भरपूर व्होल्टेज आणि नीट थंडावा गृहीत धरून. खोक्यावर पोहोचेपर्यंत त्यातला लहान आकडा वाटेत गळतो. मोठ्याच्या प्रकृतीला काही होत नाही.

म्हणजे तीनशेचे झाले पस्तीस. फसवणूक झाली?

नाही ना! पस्तीस भरपूर होतात.

पुन्हा एनएस-१० घ्या. एक वॉट दिला की एक मीटरवर तो ९० डेसिबल आवाज काढतो. होम स्टुडिओत माणूस बसतो किती लांब? हात लांब केला की स्पीकरला लागतो एवढा. अमेरिकी टीव्हीवाल्यांच्या ए-८५ या शिफारशीत दीड हजार घनफुटांपेक्षा लहान खोलीत मिक्सिंग ७६ डेसिबलला करा, असं म्हटलं आहे. आपली दहा बाय दहाची खोली हजार घनफूट. ७६ डेसिबलला या स्पीकरला किती वीज लागेल? वॉटचा पंचविसावा भाग.

पंचविसावा! देव्हाऱ्यातला झीरोचा दिवा याहून जास्त खातो.

बरं, संगीतात चढउतार असतात. ढोलकीची थाप पडली, आवाज सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळला, तरी होतात चार वॉट. चार! उरलेले एकतीस वॉट खुर्चीवर बसून असतात. तीनशे घेतले असते तर दोनशे शहाण्णव बसले असते. आपल्याकडे सरकारी कचेऱ्या असताना घरातही हे कशाला?

आणि वॉट दुप्पट केले तर आवाज किती वाढतो? तीन डेसिबल. कानाला ‘दुप्पट’ वाटायला दहापट वॉट लागतात. पन्नासचा ॲम्प सोडून शंभरचा घेणारा माणूस पैसे मोजतो दुप्पट आणि ऐकतो चिमूटभर. शेजाऱ्याला मात्र तेवढी चिमूट पुरते.

शेजाऱ्यावरून आठवलं. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. आपला संगीतकार कामाला बसतो रात्री अकराला, कारण दिवसा नोकरी. म्हणजे ज्या वेळी आवाज करायचाच नाही, त्या वेळेसाठी तो सहाशे वॉट शोधतोय. बाहेर मिरवणुकीत ‘डॉल्बी’च्या भिंती लावणारे निदान दिवसाढवळ्या कायदा मोडतात.

ज्या वर्षी एनएस-१० आला त्याच वर्षी, १९७८ मध्ये, एनएडी कंपनीने ३०२० नावाचा ॲम्प आणला. स्वस्त, दिसायला रुक्ष, ताकद २० वॉट. जगभर हातोहात गेला आणि आजही त्याचं नाव निघालं की जुने शौकीन हळवे होतात. वीस वॉट. आजच्या बाजारात तो आकडा छापला तर दुकानदार खोकं मागच्या फळीवर ढकलेल.

मग बघायचं काय?

ॲम्प दुकानात लावायला सांगा. स्पीकर जोडा. गाणं लावू नका. बटण अर्ध्यावर न्या आणि ट्विटरला कान लावा. काही न वाजवता जो ‘स्स्स’ ऐकू येतो, तोच तुम्हाला रोज चार तास सोबत करणार आहे. मंडपात पन्नास फुटांवरच्या माणसाला तो ऐकू येत नाही. तुम्ही बसणार दोन-तीन फुटांवर. दुकानदार संशयाने बघेल. बघू दे, त्याचा आजवरचा गिऱ्हाईकांचा अनुभव वेगळा आहे.

मंडपावरून पुढचं. काही धाडसी लोक सभा-समारंभाचा जड ॲम्प स्वस्तात मिळाला म्हणून बेडरूममध्ये आणतात. त्याला पंखा असतो. पंखा असणारच, तो उन्हात चौकात उभा राहायला जन्मलेला आहे. खोलीत माइक उघडला की पंखा गायला लागतो. गायिका दमते, पंखा दमत नाही. तानपुऱ्याचा खर्च वाचला, एवढंच समाधान.

आता एक बारीक गोष्ट, जी खोक्यावर कधीच नसते.

ॲम्प मोठा, खोली छोटी. म्हणून आवाजाचं बटण कायम घड्याळातल्या आठच्या आसपास. स्वस्त बटणांची खोड अशी की अगदी खालच्या टप्प्यात डावं-उजवं सारखं नसतं. एक बाजू जरा जास्त, एक जरा कमी. तुम्ही गायकाला बरोबर मधोमध उभं केलेलं, पण ऐकू येतो तो डावीकडे. मग तुम्ही त्याला ओढून उजवीकडे आणता, म्हणजे चांगलं मिक्स हाताने बिघडवता. डावीकडे झुकलेला मराठी माणूस हल्ली फक्त अशा खोल्यांतच सापडतो.

उपाय फुकट आहे. ॲम्पचं बटण बारापर्यंत चढवा, तिथेच सोडा आणि आवाज कमी-जास्त करा तो लॅपटॉप आणि ॲम्पमधल्या ऑडिओ इंटरफेसवरून. तेवढ्याने ‘स्स्स’ वाढला, तर ॲम्प चुकलाय. दुकानातली ती अर्ध्यावरची परीक्षा याचसाठी होती.

यानंतर येते ती घूं.

घूं सगळ्यांकडे येते. पन्नास हर्ट्झची वीज, तिचा मूळ सूर खालच्या पट्टीत पांढरी पाचच्या जरासा वर. तुमचं गाणं काळी दोनमध्ये असलं तरी ही बाई पांढरी पाच सोडत नाही. ॲम्प बदलला, वायर बदलली, कंपनीला शिव्या घातल्या, घूं जागेवर.

लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली? चोर सापडला. आता चोराशिवाय काम करा, बॅटरी टिकेल तोवर.

होतं असं की लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प दुसऱ्या बोर्डावर, इंटरफेस तिसऱ्या. प्रत्येकाची जमीन वेगळ्या वाटेने जमिनीला मिळते आणि मधल्या वायरींतून त्यांचा आपसात व्यवहार सुरू होतो. सगळ्या पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणल्या की निम्म्या घरांतला प्रश्न मिटत असावा. उरलेल्यांनी बॅलन्स्ड इनपुट असलेला ॲम्प घ्यावा. नेहमीच्या आरसीएच्या दोन भोकांऐवजी टीआरएस किंवा एक्सएलआरची भोकं. थोडे पैसे जास्त जातात. वॉटवर उधळण्यापेक्षा ते इथे जावेत.

आणि हो, जुन्या इमारतींत अर्थिंगची तिसरी पिन पुष्कळदा केवळ शोभेची असते. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. ‘तिसरी पिन कापून टाक, घूं जाते’ असा सल्ला देणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. सल्ला खरा आहे. घूं जाते. कधी कधी माणूसही जातो.

लॅमिंग्टन रोडवर आणि तपकीर गल्लीत घरगुती जुळणीचे ॲम्पही जमतात. एलएम ३८८६ सारखी जुनी, इमानदार चिप, तयार बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची पेटी. ही चिप आठ ओहमला ३८ वॉट देते आणि ३८ च सांगते. इतका खरेपणा बाजारात खपत नाही, म्हणून ती खोक्याच्या आत असते. अशा ॲम्पमध्ये एकच गोष्ट तपासा. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी आतून ‘टक्’ ऐकू येतं का? तो संरक्षणाचा रिले. ॲम्पची चिप जळाली तर डीसी करंट थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये घुसू नये म्हणून. ‘टक्’ऐवजी चालू करताक्षणी ‘ढप्प’ झालं, तर पेटी तशीच परत द्या. शंभर-दोनशेच्या रिलेसाठी पंचवीस वर्षं जपलेला वूफर कशाला ओवाळून टाकायचा? त्याला तर ग्रॅमी मिळालाय.

‘पण आवाजाचा दर्जा?’

आलेच. मखमली, उबदार, रेशमी, मोकळा. ॲम्पच्या परीक्षणात आणि लग्नाच्या शालूच्या जाहिरातीत आता फरक उरलेला नाही.

अमेरिकेत रिचर्ड क्लार्क नावाच्या गृहस्थांनी दहा हजार डॉलरची पैज लावली होती. दोन ॲम्प घ्या, दोन्ही त्यांच्या कुवतीत चालवा, आवाजाची पातळी काटेकोर सारखी करा आणि न बघता कुठला कुठला ते सांगा. मोठमोठे कानसेन आले. पैसे क्लार्कच्याच खिशात राहिले. अट तशी साधीच होती, फक्त किमतीची चिठ्ठी दिसत नव्हती.

म्हणजे सगळे ॲम्प सारखे? इतकं सरळ असतं तर हे सदर कशाला लिहावं लागलं असतं! स्वस्तातल्या क्लास-डीमध्ये एक खरा फरक असतो. त्यांच्या तोंडाशी एक फिल्टर असतो आणि स्पीकर किती ओहमचा आहे यावर त्याची वागणूक ठरते. चार ओहमला वरची पट्टी थोडी दबते, आठला थोडी उसळते. चांगल्या रचनेत फिल्टरच्या पुढूनच फीडबॅक घेऊन ही सवय मोडलेली असते. हे ग्राफवर स्वच्छ दिसतं. म्हणून विक्रेता ग्राफ दाखवत नाही, शालू दाखवतो.

एक जुनी गंमत. दोन हजारच्या दशकात सॉनिक इम्पॅक्ट नावाचा प्लास्टिकचा ॲम्प आला. खेळण्यासारखा दिसणारा, आठ पेन्सिल सेलवर चालणारा, आत ट्रायपाथ कंपनीची चिप. भल्याभल्या हाय-फायवाल्यांनी लाखांचे ॲम्प बाजूला सारून तो लावला आणि डोळे मिटले. २००७ मध्ये ट्रायपाथचं दिवाळं वाजलं. कौतुकाचे वॉट मोजायची रीतही अजून ठरायची आहे.

वायर? दोन-तीन मीटरला हार्डवेअरच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी तांब्याची वायर झाली. तिला सापाच्या कातड्यासारखं वेष्टण नसतं. पुढचा विषय.

‘छोट्या ॲम्पने स्पीकर जळतो, मोठाच घ्यावा’, हे वाक्य विक्रेत्यांच्या पिढ्यांनी जपलं आहे. छोटा ॲम्प कुवतीबाहेर पिळला तर ट्विटरवर संकट येतं, खरं. पण आपण वॉटच्या पंचविसाव्या भागावर बसलोय ना? तिथून पिळायला माणूस फारच रागावलेला असावा लागतो.

आता त्या खोलीकडेही बघू, कारण ॲम्पचा सगळा हिशोब तिथेच वाया जातो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर तिन्ही दिशांना एकाच वेळी अडकतो आणि घुमतो. बास गिटारचा एखादा सूर आल्या पाहुण्यासारखा हलतच नाही. भिंतीवरचा इंचभर फोम? ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते. ती फोमकडे बघतसुद्धा नाही. कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या केल्यात, कपड्यांचं कपाट उघडं ठेवलंत, तर निदान काही तरी होईल. पलंगावरचे ते इस्त्रीचे कपडेच तेवढे कामाचे होते.

आणि एवढं सगळं करून पदरात काय? स्पीकर अधिक ॲम्प अधिक वायरी अधिक इलेक्ट्रिशियन, अशी बेरीज केली तर पुष्कळदा नव्या ॲक्टिव्ह स्पीकरची जोडी येते. तिच्या पोटात वूफरला वेगळा ॲम्प, ट्विटरला वेगळा, कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेले. मग पॅसिव्हचा नाद कोणी करावा? ज्याला स्पीकर फुकट मिळालाय त्याने, किंवा ज्याला एनएस-१० मिळालाय त्याने. तिसऱ्याने दुकानाच्या बाहेरूनच परत फिरावं.

पण तुम्ही फिरणार नाही. ठीक. मग दुकानात जा आणि सांगा, की ३० ते ५० खरे वॉट हवेत, पंखा नको, बॅलन्स्ड इनपुट हवा. बास-ट्रेबलची बटणं नकोत, असली तर बायपास हवा. ब्लूटूथ नको, कारण त्यातून आवाज उशिरा पोहोचतो आणि रेकॉर्डिंगमध्ये गायक तालाच्या मागे पडतो. एफएम नको, पेन ड्राइव्हचं भोक नको, कराओकेचे दोन माइक नकोत, रिमोट नको, ठेक्यावर नाचणारे निळे दिवे तर अजिबात नकोत.

दुकानदार सगळं शांतपणे ऐकून घेतो. मग म्हणतो, ‘साहेब, एवढं सगळं काढून टाकलेला पीस ऑर्डर देऊन मागवावा लागेल. आणि तो जरा महाग पडतो.’